साक्षीदार 'अ'

१

निकाल लागला तेव्हा प्रशिक मेश्राम कोर्टात नव्हता. याचिका त्याचीच होती. पण ज्या आदेशाविरुद्ध ती होती, तो आदेश निकाल वाचून होईपर्यंत लागू होता आणि त्या आदेशाने त्याला नागपूर जिल्ह्यात पाऊल ठेवायला मनाई होती. एका दिवसाच्या परवानगीसाठी अर्ज करता आला असता. त्याने केला नाही. अमरावतीत एका खानावळीच्या मागच्या खोलीत तो फोन समोर ठेवून बसून राहिला.

अॅडव्होकेट नीला खोब्रागडे यांनी कोर्टाच्या व्हरांड्यातूनच त्याला फोन लावला.

"प्रशिक, हद्दपारीचा आदेश रद्द झाला. तू आज घरी जाऊ शकतोस."

त्याने विचारलं, "मॅडम, 'अ' कोण आहे, ते सांगतलं का कोर्टानं?"

हद्दपारीच्या प्रकरणात पोलीस काही साक्षी गुप्तपणे नोंदवतात. साक्षीदाराच्या जिवाला धोका आहे असं म्हणतात आणि नावाच्या जागी 'अ', 'ब' लिहितात. आरोपीला फक्त जबाबाचा गोषवारा मिळतो. प्रशिकच्या प्रकरणात असा एकच जबाब होता, 'अ'चा; तो सीलबंद लिफाफ्यातून न्यायमूर्तींपुढे ठेवला गेला, त्यांनी वाचला आणि लिफाफा पुन्हा बंद करून परत दिला. निकालपत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं की जबाबाची पडताळणी वरिष्ठ अधिकाऱ्याने केलेली नाही, जुन्या किरकोळ गुन्ह्यांचा आणि या आदेशाचा संबंध लागत नाही, आणि देशात कुठेही राहण्याफिरण्याचा नागरिकाचा हक्क सरकारला एवढ्या तुटपुंज्या कारणावर काढून घेता येत नाही. सरकारच्या अधिकाराला त्यांनी चांगली वेसण घातली होती. नावाबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं, आणि कायद्याने ते असणारही नव्हतं.

"नाव आपल्याला कळत नसतं," त्या म्हणाल्या. "आणि आता त्याची गरजही नाही. जिंकलो आपण."

"मले गरज आहे," प्रशिक म्हणाला. "दोघांपैकी एक आहे तो. वर्षभर मी हेच मोजून राहिलो."

२

दोन दिवसांनी तो मनीषनगरच्या त्यांच्या फ्लॅटवर आला. पस्तिशीचा, अंगाने बारीक. डाव्या भुवईला कापल्याची आडवी खूण. मौद्याला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आजनघाट हे त्याचं गाव तिथून जवळच, नदीकाठी. गावाला पाणी देणारी विहीर नदीच्या पात्रात आहे. वाळू उपसणाऱ्यांनी विहिरीच्या कठड्यापर्यंत खोदत आणलं, तेव्हा प्रशिकने गावकरी जमवून टिप्पर अडवले. एकदा, दोनदा, वारंवार. मग एके दिवशी त्याच्या हातात हद्दपारीची नोटीस पडली.

"वाचा ना मॅडम, 'अ' काय म्हणते ते."

नीलाताईंना ते पाठ होतं. साक्षीदार 'अ'चं म्हणणं असं : हिवाळ्यात एका संध्याकाळी प्रशिकने मला विहिरीजवळ गाठलं. त्याच्या उजव्या भुवईवर ताजी पट्टी होती. डाव्या हातात कुऱ्हाड होती. ती उगारून तो म्हणाला, 'नदी विकणाऱ्यांचे हात मी मनगटापासून उतरवीन.'

"हे मी बोललो होतो," प्रशिक म्हणाला. "असंच्या असं. पण विहिरीजवळ नाही, घरच्या आंगणात. त्या दिवशी टिप्परवाल्यांकडून दगड आला, भुवई फुटली. घरी येऊन चुलीसाठी लाकडं फोडून राहिलो होतो. डोक्यात आग होती, बोलून गेलो. आंगणात दोघंच होते. गोविंदा आन् गुरुजी. दुसऱ्या दिवशी पट्टीही काढून टाकली."

गोविंदा भोयर त्याचा लहानपणापासूनचा मित्र. गुरुजी म्हणजे विश्वनाथ ठवकर, निवृत्त शिक्षक, विहीर बचाव समितीचे अध्यक्ष.

"दोघांना विचारलंस?"

"गोविंदा अमरावतीले आला होता. मी दार नाही उघडलं. तो बराच वेळ बाहेर उभा होता, मले फटीतून पाय दिसून राहिले होते त्याचे."

नीलाताईंनी चहा पुढे सरकवला. घरात त्या एकट्याच असत, त्यामुळे पाहुण्याचा कप शोधायला त्यांना जरा वेळ लागला होता.

"नाव कळलं तर काय करशील?"

"काही नाही करणार. फक्त दोघांऐवजी एकावरच राग राहीन. एक माणूस तरी परत भेटन मले."

साक्षीदार शोधत फिरणं वकिलाचं काम नव्हे, हे नीलाताईंना माहीत होतं. त्यांनी तरी होकार दिला. अट एकच घातली : मी एकटी जाईन, आणि तोवर तू कोणाच्याही दारात जायचं नाही.

३

ठवकर गुरुजी आता मुलाकडे नागपूरला राहत होते. रोज दुपारी मेट्रोने सीताबर्डीला येऊन एका वाचनालयात बसत. नीलाताई तिथेच गेल्या. बाहेर व्हरायटी चौकातला गलका, आत पंख्याचा आवाज. गुरुजींसमोर वर्तमानपत्र होतं, पण ते वाचत नव्हते.

"मी समिती सोडली म्हणून तुम्ही आला असाल," ते म्हणाले.

"का सोडली?"

"भीती वाटली. दुसरं काय? प्रशिकला जिल्ह्याबाहेर काढलं, उद्या मला काढतील. या वयात मी कुठे जाऊ?" त्यांनी चष्मा काढला. "आणि मुलाच्या नेमणुकीची फाईल अडली होती, ती त्याच सुमारास हलली. गावात बोलतात ते मला ठाऊक आहे. फाईल हलली हे खरं. पण मी साक्ष दिली नाही. चाळीस वर्षं पोरांना संविधानाची उद्देशिका म्हणायला लावली. निनावी साक्ष द्यायची असती तर आधी शाळेतूनच पळून गेलो असतो."

"त्या संध्याकाळचं आठवतं?"

"आठवतं तर. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात मोबाईल. मी म्हटलं, बाबा, आधी दोन्ही खाली ठेव आणि मग बोल. ऐकतो कुठे? मला ते बोलणं आवडलं नाही, मी उठून आलो."

"मग तुमच्या मागे तिथे गोविंदा राहिला."

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मी कोणाचं नाव घेणार नाही. पण गोविंदाचा ट्रॅक्टर हल्ली कोणाची वाळू वाहतो, तेवढं विचारा त्याला."

४

आजनघाटला गोविंदा घरामागे ट्रॅक्टरची ट्रॉली धूत होता. ट्रॉलीच्या कोपऱ्यांत ओली वाळू बसलेली होती. नीलाताईंनी ओळख सांगितली तरी त्याने पाइप बंद केला नाही.

"हाओ, वाळू वाहतो," तो म्हणाला. "ज्यायले आम्ही अडवत होतो त्यायचीच. बाप आजारी पडला, दवाखाना सुरू झाला. कोणी इचारलं नाही तेव्हा, काहून वाहून राहिला म्हणून. आता तुम्ही इचारता."

"वडील कसे आहेत?"

"गेले. पोळ्याच्या आंधी." पाणी वाहतच होतं. "प्रशिक त्यायच्या हातचं जेवून मोठा झाला. त्याची माय गेली तं दोन घरं एक झाली होती. त्याचा फोन नाही आला, मॅडम. सगळ्या गावाचे आले, अमरावतीहून नाही आला."

"त्याला वाटतं तुम्ही साक्ष दिली."

"मले समजलं ते. अमरावतीले दार नाही उघडलं तेव्हाच समजलं." त्याने पाइप खाली टाकला. "आंगणात मी होतो. गुरुजी गेल्यावरही होतो. पट्टी कोणी बांधली? मी बांधली. हे इथं." त्याचं बोट स्वतःच्या डाव्या भुवईवर गेलं. "नोटीस गावात वाचली तेव्हा मी ऐकली. उजवी भुवई म्हणे, डाव्या हातात कुऱ्हाड म्हणे. अवो, आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. तो कोणत्या हातानं लिहिते, कोणत्या हातानं गोटी मारते, ते मले झोपीत सांगता येते. मी जर बेइमान असतो, तं एवढी गलत बेइमानी नसती केली."

नीलाताई गाडीत येऊन बसल्या, पण लगेच निघाल्या नाहीत. उजव्या-डाव्याची चूक त्यांनी कोर्टातही दाखवली होती. पोलिसांचा गबाळेपणा, एवढाच तिचा अर्थ त्यांनी तेव्हा लावला होता. आता प्रश्न वेगळा होता. ज्या माणसाला प्रशिकचं वाक्य अक्षर न् अक्षर ठाऊक होतं, त्याला त्याची जखम कोणत्या बाजूला होती हे ठाऊक नसावं?

५

रविवारी सकाळी त्यांच्या मुलाचा टोरांटोहून व्हिडिओ कॉल आला. दर रविवारी यायचा. आठवडाभराची बोलणी त्या मनात जुळवून ठेवत आणि कॉल लागला की त्यातली निम्मी विसरत.

"आई, तुझ्या गालाला काहीतरी लागलंय. पीठ असेल."

त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या लहानशा चेहऱ्याकडे पाहिलं. चौकोनाच्या डाव्या अंगाला पांढरा डाग दिसत होता. शेजारी दिवाणखान्यातलं कॅलेंडर, त्यावरची अक्षरं उलटी. चौकोनातली बाई समोर बसली आहे असं धरलं, तर तो तिचा उजवा गाल होता. त्यांनी उजवा गाल पुसला. डाग तसाच.

"अगं, डावा गाल," मुलगा हसत म्हणाला. "फोनमध्ये आपलं आपल्याला आरशासारखं दिसतं ना."

मुलाने दोनदा हाक मारली.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "तू मला नंतर फोन कर. नाहीतर मीच करते." आणि पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून कॉल बंद केला.

एखादी गोष्ट चुकली असती तर विसर म्हणता आला असता. इथे भुवई उलटी होती, हातही उलटा होता. सगळा माणूसच बाजू बदलून उभा होता. वाक्य मात्र जसंच्या तसं. ज्याने ते लिहिलं त्याने प्रशिकला समोरून पाहिलंच नव्हतं. त्याने त्याला फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. गुरुजींनी तर सांगितलंही होतं : एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात मोबाईल.

त्यांनी प्रशिकला फोन लावला.

"त्या संध्याकाळी तू तुझा व्हिडिओ काढला होतास?"

"हो. दगड लागला म्हणून. जखम दिसली पाहिजे ना." तो आठवत बोलत होता. "तेव्हाच बोलून राहिलो होतो मी ते."

"कोणाला पाठवलास?"

"कोणालेच नाही. ग्रुपवर नाही टाकला, गुरुजी नाही म्हणाले."

"नीट आठव."

"फक्त बाईले पाठवला होता. ती भंडाऱ्याले लग्नाले गेली होती, तिले कोणी काही उलटंसुलटं सांगू नये म्हणून. पण बाई म्हणजे..."

वाक्य तिथेच थांबलं. नीलाताईंनी दोनदा "प्रशिक" म्हटलं. फोन बंद झाला होता, आणि पुन्हा लावला तर लागेना.

६

बाई म्हणजे जयवंता, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा प्रशिक शाळेतही जात नव्हता. तिने त्याला वाढवलं, नवरा वारल्यावर माहेरीच राहिली. त्याच्या हद्दपारीत ती त्या घरात एकटी होती.

नीलाताई आजनघाटला पोचल्या तेव्हा ती ओट्यावर बसली होती. फोन मांडीवर पडलेला.

"प्रशिक कुठे आहे?"

"नदीकडे गेला." तिने मान वर केली नाही. "आला, माह्या फोनात काहीतरी पाहिलं. म्या इचारलं, काय झालं गा? तं काही बोलला नाही. माह्याजवळ जरासा बसला आन् निंगून गेला. काय केलं मी, मॅडम?"

नीलाताईंनी तिच्या शेजारी बसून तो व्हिडिओ लावला. प्रशिकचा चेहरा, उजव्या भुवईवर पट्टी. डाव्या हातात कुऱ्हाड. मागे समाजमंदिराची भिंत, आणि तिच्यावर रंगवलेलं नाव उलट्या अक्षरांत. जयवंताला वाचता येत नव्हतं, तिला त्यात कधी काही वेगळं वाटलं नसणार. 'बाई, पाहून घे, मी ठीक आहो,' अशी सुरुवात होती. मग त्याचा आवाज चढत गेला, आणि शेवटी ते वाक्य.

"हे कोणाला दाखवलं होतं?"

"साहेबाले," ती सरळ म्हणाली. "मी भंडाऱ्याहून आली, तेव्हा साध्या कपड्यातला एक पोलीस आला होता. मोठा गोड बोलला. म्हणे, तुमच्या भावाले दगड कोणी मारला त्याचा तपास करून राहिलो, जखमेचा फोटो-गिटो आहे का? म्या म्हटलं, याच्यात आहे. त्यानं आपल्या फोनात घेतला. मले वाटलं, दगड मारणाऱ्याले पकडतीन." ती थांबली. "पकडलं नाही कोणाले."

नीलाताईंनी तिला सगळं समजावलं. घाई केली नाही. अंगणात दोन माणसं होती आणि दोघांनी प्रशिकला समोरून पाहिलं. उलटा प्रशिक फक्त या फोनात होता. फोनातून तो साहेबाकडे गेला, आणि तिथून साक्षीदार 'अ'च्या तोंडी आला. जबाबाखाली कोणाचा अंगठा घेतला असेलही. पण विहिरीजवळची ती संध्याकाळ घडलीच नव्हती, आणि ती पाहणारा कोणी नव्हता. गावात कोणीही प्रशिकविरुद्ध बोललं नव्हतं.

जयवंता बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हणजे माह्याच हातून गेला तो."

"तुम्ही न्याय मागितला होता. तुम्हाला फसवलं."

"ते तुम्ही म्हणता." तिने डोळे पुसले नाहीत. "आता काय करता येते?"

"खोटा जबाब तयार केला म्हणून कोर्टात अर्ज करता येतो. पण त्याला तुमचं शपथपत्र लागेल. तो साहेब कसा आला, काय म्हणाला, सगळं. तुमचं नाव उघड होईल. पोलिसांविरुद्ध आहे, त्रास होऊ शकतो. नीट विचार करून सांगा."

"इचार काय कराचा? लिवा," ती म्हणाली. "जयवंता मेश्राम, राहणार आजनघाट. पूर्ण नाव लिवा."

७

प्रशिक विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होता. पात्रात जागोजागी खड्डे, त्यांत हिरवं पाणी साचलेलं. नीलाताई वाळूतून सावकाश चालत त्याच्यापर्यंत गेल्या.

"बाईवर रागावलास?"

"नाही जी. तिच्यावर कसा रागावू?" तो म्हणाला. "मी आपला हिशेब करून राहिलो. कोणीच नव्हतं, मॅडम. वर्षभर मी रोज रात्री एकेकाले उभं करत होतो डोळ्यासमोर. अन् कोणीच नव्हतं."

सरकारने त्याला एका जिल्ह्यातून काढलं होतं आणि कोर्टाने तो जिल्हा परत दिला होता. बाकीचं कोर्टापुढे कधी आलंच नव्हतं, असं नीलाताईंच्या मनात आलं.

"गोविंदाकडे जायचं?"

त्याने मान डोलावली.

गोविंदा ओट्यावर बसून दोर वळत होता. प्रशिकला पाहून त्याचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. प्रशिक अंगणात उभा राहूनच बोलला. व्हिडिओचं, साहेबाचं, उलट्या भुवईचं. फार थोडक्यात सांगितलं त्याने, मध्ये मध्ये शब्द सापडत नव्हते. गोविंदाने सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "समजलं ते बरं झालं."

"तुह्या बाबुजीले भेटाले नाही आलो मी."

"तुले येता येत नव्हतं. बंदी होती."

"फोनले नव्हती बंदी."

गोविंदाने दोराची गाठ दाताने ओढून पक्की केली. "त्यायनं इचारलं होतं तुले. शेवटी शेवटी. मी सांगतलं, तो कामात आहे, येईन. दुसरं काय सांगत?"

आतून गोविंदाची आई बाहेर आली, प्रशिककडे पाहून उंबऱ्यातच उभी राहिली आणि परत आत गेली.

"मले माफ कर, असं नाही म्हणत," प्रशिक म्हणाला.

"म्हणूही नको. माह्याकडून आज होत नाही." गोविंदाचा आवाज शांत होता. "तू गावात आहे ना आता? मंग राहा. पाहू."

तो उठला आणि दोर घेऊन गोठ्याकडे गेला. जा म्हणाला नाही, बस म्हणाला नाही.

"मी थांबतो जराशी इथं," प्रशिक नीलाताईंना म्हणाला. "तुम्ही निंघा, अंधार पडाच्या आत नागपूर गाठा."

त्या निघाल्या. गाडी वळवताना त्यांना दिसलं की तो ओट्याच्या अगदी टोकाला बसला आहे, हात गुडघ्यांवर. गोठ्यात गोविंदा पाठमोरा उभा होता आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. मधलं अंगण रिकामं होतं. दोघांपैकी कोणी दुसऱ्याकडे गेलं नाही, आणि कोणी निघूनही गेलं नाही.